भूल, गुंगी आणि विस्मृती
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मयावर बोलून झाले, नाट्यसंगीतावर बोलून झाले आणि काल तर दुर्गांवर चित्रांसह बोलून झाले. त्यानंतर आज एका भूल देणाऱ्या डॉक्टरास येथे उभे करावे आणि श्रोत्यांनी तासभर जागे राहावे अशी अपेक्षा बाळगावी, हे आमच्या कार्यवाहांचे धाडसच म्हटले पाहिजे. ज्यांना डुलकी येईल त्यांनी खुशाल घ्यावी. तो आम्ही आमच्या विद्येचा गौरवच समजू.

विषय आम्ही निवडलेला नाही, तो आपणच आमच्यावर सोपवला आहे. गेली कित्येक वर्षे रात्री नऊच्या सुमारास आमच्या घरचा दूरध्वनी वाजतो आणि मंडळातल्याच कोणाचा तरी ओळखीचा आवाज विचारतो, "डॉक्टर, आईची उद्या एन्डोस्कोपी आहे. गुंगीचे इंजेक्शन देणार म्हणतात. देऊ द्यावे ना?" मंडळ स्थापन झाले तेव्हा ज्यांनी येथे पहिला गणपती बसवला ते त्या वेळी पंचविशी-तिशीतले होते. आज त्यांची पंच्याहत्तरी उलटली. शिवाय गावाकडे एकटे पडलेले आईवडील मुलांनी येथे आणले आहेत. त्यांची मोतीबिंदूची, गुडघ्याची, पित्ताशयाची शस्त्रक्रिया आता सातारा-सांगलीस होत नाही. ती या परक्या भाषेच्या शहरात होते. तेव्हा या एका प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना एकदमच द्यावे, म्हणजे रात्री नऊनंतर आम्हांलाही जेवता येईल.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्या भाषेत 'भूल' हा मोठा गमतीचा शब्द आहे. रानात वाट चुकली तर भूल पडली म्हणतो. सौंदर्य भूल घालते. जमाखर्चाच्या खाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहितो. आणि शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर देतात तीही भूलच. पण हा शब्द नर्मदा ओलांडली की दगा देतो. मंडळाचेच एक वयोवृद्ध सभासद येथल्या डॉक्टरांना सांगत होते, "पिछले साल पूना में मुझे भूल दी थी, उससे बहुत तकलीफ हुई." डॉक्टर गोंधळात पडले. हिंदीत भूल म्हणजे चूक, नाही तर विसर. पुण्याच्या डॉक्टरांकडून काही चूक झाली असावी, असे समजून त्यांनी तशी नोंद केली. वास्तविक त्या गृहस्थांना भुलेनंतर दोन दिवस ओकाऱ्या झाल्या होत्या, आणि नोंद व्हायला हवी होती ती याच गोष्टीची. तेव्हा येथे 'बेहोशी' म्हणावे, 'एनेस्थीसिया' म्हणावे, परंतु 'भूल' म्हणू नये.

आता पूर्ण भूल आणि गुंगी यांतला भेद. पूर्ण भुलेत माणूस बेशुद्ध असतो. टोचले, कापले तरी जागा होत नाही. त्याचा श्वास बहुधा आम्हीच चालवतो. गुंगीत तसे नसते. माणूस डोळे मिटून पडलेला असतो, पण हाक मारली तर ओ देतो, 'तोंड उघडा' म्हटले तर उघडतो, आणि श्वास स्वतःचा स्वतः घेतो. मात्र या दोहोंमध्ये भिंत नाही. शास्त्रात गुंगीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: हलकी, मध्यम, गाढ, आणि त्यापुढे पूर्ण भूल. परंतु या पायऱ्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या ओल्या असतात. दुसऱ्या पायरीवर उभा केलेला माणूस कोणाचा धक्का न लागता चौथीवर घसरू शकतो. गुंगीच्या औषधाविषयी जे काही भय बाळगायचे ते एवढेच, आणि ते रास्त आहे.

गुंगीची औषधे अनेक आहेत. आज आम्ही त्यांपैकी एकाविषयी मुख्यत्वे बोलणार आहोत, कारण दुर्बिणीच्या तपासण्यांत, हृदयाच्या अँजिओग्राफीत, शस्त्रक्रियेच्या खोलीत नेण्यापूर्वी आणि अतिदक्षता विभागात हेच पुष्कळदा वापरले जाते. त्याचे नाव मिडॅझोलाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

त्याची वंशावळ सांगण्याजोगी आहे. लिओ स्टर्नबाख नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ १९०८ मध्ये जन्मला, पोलंडमधल्या क्राकोव्ह येथे शिकला, बाझलला रोश या औषध कंपनीत काम करू लागला, आणि ज्यू असल्यामुळे महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, कंपनीच्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधील प्रयोगशाळेत गेला. आपल्याप्रमाणेच नोकरीपायी आणि काळापायी घर सोडलेला माणूस. १९५५ च्या सुमारास त्याने काही संयुगे तयार केली. त्यांतून काही निघाले नाही आणि शेवटचे संयुग तसेच पडून राहिले. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर चालू असता एका सहकाऱ्याने ते स्फटिक दाखवून विचारले, हे टाकून द्यायचे की तपासायला पाठवायचे? पाठवले. त्यातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, बाजारात आले. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या वस्तू फेकण्यापूर्वी आमच्या घरी ही गोष्ट हमखास सांगितली जाते; तिचा परिणाम असा की माळा कधीच रिकामा होत नाही.

डायझेपाम गुणी होते, पण त्यात दोन खोडी होत्या. ते पाण्यात विरघळत नसे. म्हणून ते ज्या द्रवात मिसळावे लागे त्याने शीर जळजळे आणि पुढे कित्येक दिवस सुजलेली राही. दुसरी खोड अशी की ते शरीरात मुक्काम ठोकी. त्याचा अर्धा भाग जाण्यास वीस ते पन्नास तास लागतात, आणि त्यापासून यकृतात जे उपपदार्थ होतात तेही गुंगी आणणारेच. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्याच न्यू जर्सीच्या प्रयोगशाळेत वाल्सर आणि फ्रायर या दोघांनी मिडॅझोलाम तयार केले. त्याच्या रेणूची रचना मोठी हिकमतीची आहे. कुपीतला द्रव आम्ल असतो, तेथे या रेणूतले एक कडे उघडे राहते आणि औषध पाण्यात सुखाने विरघळते. शिरेत शिरून रक्तात मिसळताच आम्लता जाते, कडे मिटते, आणि तोच रेणू आता स्निग्ध पदार्थांत विरघळणारा होतो. मेंदूभोवतीचा पहारा ओलांडण्यास हा स्निग्धपणाच लागतो. दाराशी एक वेष आणि माजघरात दुसरा, असा हा प्रकार आहे. शीर जळत नाही; दोन ते पाच मिनिटांत परिणाम दिसतो; आणि निरोगी प्रौढ माणसात साधारण दीड ते अडीच तासांत अर्धे औषध निघून जाते.

मेंदूत ते करते काय? आपल्या मेंदूत गॅबा नावाचे एक द्रव्य आहे. मज्जापेशींच्या धावपळीस आवर घालणे हे त्याचे काम. मिडॅझोलाम स्वतः आवर घालीत नाही. ते गॅबाच्या हाताला हात लावते, म्हणजे गॅबाचे काम अधिक जोराने होते. ज्या जागी हे घडते ती जागा १९७७ मध्ये सापडली. म्हणजे डायझेपाम चौदा वर्षे जगभर खपत होते आणि ते नेमके कोठे बसते हे कोणासच माहीत नव्हते. वैद्यकात असे पुष्कळदा होते, आणि आमच्या मते त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. लाज आहे ती माहीत नसता माहीत असल्याचा आव आणण्यात.

यापासून चार गोष्टी घडतात: चिंता जाते, झोप येते, झटके थांबतात, आणि स्मृती उमटेनाशी होते. पाचवी गोष्ट घडत नाही, आणि ती नीट ध्यानात ठेवावी. या औषधाने वेदना कमी होत नाही. दुखत असेल तर त्यासाठी जागा बधिर करणारे किंवा वेदनाशामक निराळे औषध द्यावे लागते. बहुधा फेंटॅनिल देतात, आणि ही दोन औषधे एकत्र आली की श्वास मंदावण्याचा धोका बेरजेपेक्षाही अधिक वाढतो.

स्मृतीचे प्रकरण मात्र विलक्षण आहे. मिडॅझोलाम जुन्या आठवणी पुसत नाही. ज्यांना भय वाटते की 'इंजेक्शनने बाबा आम्हांला विसरतील', त्यांनी निश्चिंत असावे. ते दिल्यानंतरचे काही तास मात्र पाटीवर अक्षर उमटत नाही. माणूस बोलतो, प्रश्नाला उत्तर देतो, स्वतःच्या पायाने गाडीत बसतो, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, "मला घरी कोणी आणले?" आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची मोठ्या आतड्याची तपासणी झाली. ते उठून बसले, चष्मा लावला, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेले सर्व त्यांनी मान डोलावीत ऐकले; दोन शंकाही विचारल्या. एक गाठ काढली आहे, तिचा अहवाल आठवड्याने घेऊन जा, असे त्यांना बजावण्यात आले. चिरंजीव त्या वेळी बिल भरण्याच्या रांगेत होते. घरी आल्यावर मुख्याध्यापकांनी सांगितले, "काही नाही, सगळे उत्तम आहे." ते खोटे बोलत नव्हते. त्यांना तेवढेच आठवत होते. अहवाल दोन महिने प्रयोगशाळेत पडून राहिला. गाठ साधी निघाली हे नशीब. ती साधी नसती तर ते दोन महिने कोणी परत दिले असते? म्हणून आमची आपल्याला विनंती आहे की डॉक्टर तपासणीनंतर जे सांगतात ते शुद्धीवर असलेल्या नातलगाने ऐकावे आणि कागदावर लिहून घ्यावे. बिलाची रांग थांबेल. त्याच कारणाने त्या दिवशी, म्हणजे पुरते चोवीस तास, वाहन चालवू नये, कोणत्याही कागदावर सही करू नये, पैशाचा व्यवहार करू नये. संमतिपत्रावरील सहीदेखील इंजेक्शनच्या आधीच झालेली असली पाहिजे. एरवी या शहरात सही मागणारे भेटतातच.

आता भयाकडे येऊ. मिडॅझोलाम युरोपात १९८० च्या दशकाच्या आरंभी आले आणि अमेरिकेत १९८५ च्या अखेरीस त्यास परवानगी मिळाली. आरंभी डॉक्टरांनी ते डायझेपामच्या मापाने वापरले. प्रत्यक्षात ते डायझेपामच्या दोन ते चार पट प्रखर आहे, आणि वृद्धांत त्याहूनही. शिवाय परिणाम पुरता दिसण्यास काही मिनिटे लागतात; तेवढाही धीर न धरता दुसरी मात्रा, तिसरी मात्रा दिली गेली. दुर्बिणीच्या तपासणीच्या खोल्यांत, जेथे भूलतज्ज्ञ नव्हता आणि श्वासाकडे पाहणारे कोणी नव्हते, तेथे माणसे दगावली. मग शिफारशीतल्या मात्रा खाली आणल्या गेल्या आणि औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा आला: श्वास आणि हृदय यांवर सतत लक्ष ठेवण्याची आणि श्वास देण्याची साधने व माणसे हाताशी असल्याखेरीज हे औषध वापरू नये. आज साठी उलटलेल्या माणसास पहिल्यांदा एक ते दीड मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत, तेही सावकाश, आणि मग घड्याळ पाहत थांबतात. हे थांबणे शिकायला आम्हांला आमच्या उमेदवारीतली पहिली दोन वर्षे लागली.

श्वासाची ही गोष्ट निघाली की आम्हांस हैदराबाद आठवते. १८८८ आणि १८८९ मध्ये तेथे क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग बसले. एडवर्ड लॉरी हा तेथला शल्यवैद्य, पैसा निजामाचा, आणि दुसऱ्या खेपेस लंडनहून लॉडर ब्रंटन हा नामांकित वैद्य मुद्दाम आला. शेकडो जनावरांवर प्रयोग करून त्यांनी निर्णय दिला की क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो, हृदय मागाहून. तेव्हा श्वासाकडे पाहावे, नाडीची चिंता करू नये. यांतला दुसरा भाग चुकीचा होता. क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी थांबवू शकते हे १९११ मध्ये लेव्ही याने दाखवले. परंतु मिडॅझोलामच्या बाबतीत लॉरीसाहेबांचा पहिला अर्धा उपदेश सव्वाशे वर्षांनंतरही तंतोतंत लागू पडतो. हे औषध प्रथम श्वासालाच गाठते. जीभ मागे पडते, घसा सैल होतो, घोरणे सुरू होते, मग घोरणेही थांबते. पुष्कळदा नुसती हनुवटी उचलून धरली, हाक मारली, की श्वास पुन्हा वाहू लागतो. पण ते करण्यास तेथे कोणी तरी मोकळ्या हातांचे असावे लागते.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २०२० आणि २०२१ च्या महामारीने तो घराघरांत पोहोचवला. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यामागचे तत्त्व शोधले, तेव्हापासून आमच्या विद्येचे रूपच पालटले. मात्र त्यास एक मर्यादा आहे. रुग्णाला नळीने प्राणवायू दिलेला असेल तर श्वास मंदावल्यावरही बोटावरचा आकडा काही काळ चांगला दिसत राहतो. बाहेर पडणारा कर्बवायू मोजणारे यंत्र तो दोष आधी दाखवते. तेव्हा आकडा ९८ आहे म्हणून खोलीतल्या सर्वांनी दुर्बिणीच्या पडद्याकडे पाहत बसावे, हे काही खरे नव्हे.

एका प्रसंगाविषयी बोलल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रुग्णालय कोणते हे सांगण्याचे कारण नाही, आणि दोष आमचाच आहे. सांगली बाजूच्या सत्तरीच्या एक बाई, मुलाने नुकत्याच येथे आणलेल्या. जठराची तपासणी होती. आम्ही गुंगी दिली आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाचा निरोप आला म्हणून दाराशी गेलो. चार पावले, त्याहून अधिक नाही. बाई हातपाय हलवू लागल्या, तोंडातल्या कड्याभोवती काही पुटपुटू लागल्या. परिचारिका केरळची, तपासणारे डॉक्टर येथलेच. दोघेही आपापल्या कामात निष्णात. परंतु बाईंचे बोलणे त्यांना समजण्याचा प्रश्नच नव्हता. या औषधाने क्वचित माणूस शांत होण्याऐवजी उलट खवळतो, हे पुस्तकात आहे. डॉक्टर म्हणाले, "बेचैन हो रही हैं, थोड़ा और दे दीजिए." आम्ही दारातूनच 'अर्धा मिलिग्रॅम' असे म्हणालोही. परिचारिकेने पिचकारी नळीला लावली. तेवढ्यात आमच्या कानावर शब्द पडला, "घुसमटतंय."

तो एक शब्द आम्हांला समजला नसता तर काय झाले असते, याचा विचार आम्ही आजही करतो. हात धरून पिचकारी थांबवली. कुशीवर वळवले, तोंडात साचलेली लाळ ओढून काढली, हनुवटी उचलली. दुर्बीण बाहेर काढली. मिनिटभरात ओठांचा रंग परतला. गुंगीतला माणूस तळमळू लागला की त्याला श्वास कमी पडतो आहे असे आधी समजावे आणि ते खोटे ठरल्यावरच दुसरे कारण शोधावे, हा आमच्या शास्त्राचा पहिला धडा आहे. तो आम्हांला पाठ होता. तरीही आम्ही 'अर्धा मिलिग्रॅम' म्हणालो होतो.

तेव्हापासून आम्ही एक पाहत आलो आहोत. पन्नास वर्षे येथे काढलेली, अस्खलित हिंदी बोलणारी माणसेसुद्धा गुंगीच्या काठावर मराठीत बोलतात. ज्यांना हिंदी येतच नाही त्यांची गोष्ट तर बोलायलाच नको. म्हणून आमच्या हिंदी, बंगाली, तेलुगू भाषिक सहकाऱ्यांसाठी आम्ही एक कागद तयार करून ठेवला आहे. त्यावर देवनागरीत चारच मराठी शब्द आणि समोर त्यांचा हिंदी-इंग्रजी अर्थ: 'घुसमटतंय', 'दुखतंय', 'मळमळतंय', 'लघवीला'. आपल्या वृद्धांबरोबर रुग्णालयात जाताना असा कागद न्यावा आणि परिचारिकेच्या हाती द्यावा. कोणी हसले तर हसू द्यावे. आमच्या अनुभवास तर असे आले आहे की परिचारिका तो जपून ठेवतात आणि पुढच्या मराठी रुग्णासाठी वापरतात.

रिकाम्या पोटाविषयी थोडे. गुंगीत घशाची राखण सैल पडते. पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत गेले तर प्राणावर बेतते. म्हणून हलक्या जेवणानंतर सहा तास, तळलेल्या-भारी जेवणानंतर आठ तास, आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, ते अन्न आहे. गंमत म्हणजे सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला जेवू घालावे आणि ज्याला मद्याची सवय आहे त्याला तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले आहे. त्याच्या काळी हेतू रुग्णाला मूर्च्छा येऊ नये हा होता. आमचे भांडण सुश्रुताशी नाही, साबुदाण्याशी आहे. एका सकाळी आम्ही एका आजींना विचारले, "आजी, उपाशी आहात ना?" म्हणाल्या, "हो तर, कडक उपास आहे. एकादशी ना आज." आम्हांला कशी कोण जाणे शंका आली. खोदून विचारता निष्पन्न झाले की पहाटे साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचा लाडू आणि वाटीभर दही झालेले होते. तपासणी दुपारवर गेली. हिंदी भाषिक डॉक्टरने 'व्रत है?' असे विचारून तेवढ्यावर समाधान मानले असते. उपास आणि उपाशी यांतले अंतर आपल्यालाच ठाऊक. ते घरून निघतानाच मिटवून घ्यावे.

आणखी एक संकोचाची बाब. गृहस्थ रोज रात्री थोडी घेतात, किंवा झोपेची गोळी कित्येक वर्षे चालू आहे, हे डॉक्टरला कळलेच पाहिजे. सवयीच्या माणसाला नेहमीची मात्रा अपुरी पडते. आणि ताजी पोटात असताना तीच मात्रा घातक होते. पण सून आणि नात शेजारी उभ्या असता कोण कबूल करील? आम्ही अशा वेळी सर्वांना चहाला पाठवतो आणि मग विचारतो. आपणही आपल्या वडिलांना डॉक्टरांपाशी दोन मिनिटे एकटे सोडावे. घोरण्याचा आजार, दमा, यकृताचे दुखणे हेही सांगावे. चालू औषधांची यादी द्यावी. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके आणि बुरशीवरची काही औषधे यकृताचे ते दारच अडवून धरतात जेथून मिडॅझोलाम बाहेर पडते, आणि गुंगी लांबते.

उतारा आहे का, असे नेहमी विचारतात. आहे. फ्लुमॅझेनिल नावाचे औषध १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. ते मिडॅझोलामला त्याच्या जागेवरून उठवून स्वतः बसते आणि माणूस मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडतो. पण ते लवकर उठून जाते, बहुधा तासाभरातच. आणि मिडॅझोलाम अजून बाहेर ताटकळत उभे असते, ते पुन्हा येऊन बसते. म्हणून उतारा दिलेल्या माणसाला 'आता ठणठणीत आहे' म्हणून लगेच घरी नेऊ नये.

सवय लागते का? एकदा दिलेल्या इंजेक्शनाने लागत नाही. अतिदक्षता विभागात दिवसचे दिवस चालू राहिले तर थांबवताना हळूहळू कमी करावे लागते. आपल्या देशात हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळत नाही. २०१४ पासून अमलात आलेल्या एच-एक अनुसूचीत ते आहे आणि दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते.

फार थकलेल्या वृद्धांना मात्र या औषधाने पुढे एक-दोन दिवस भ्रम होऊ शकतो: रात्री उठून बसणे, गेलेल्या माणसांना हाका मारणे, सलाइनची नळी उपटणे. शस्त्रक्रिया, ताप, परकी जागा यांमुळेही ते होते. सगळा दोष औषधाच्या माथी मारू नये. तरी अशा रुग्णांत आम्ही आता मिडॅझोलाम टाळतो किंवा अगदी थोडे देतो. प्रोपोफॉल, दुधासारखे पांढरे, झटकन येऊन झटकन जाणारे, पण श्वासाला अधिकच जपावे लागणारे. डेक्समेडेटोमिडिन, ज्याच्या झोपेतून माणूस हाकेसरशी उठतो, पण नाडी मंदावते. अशी दुसरी औषधे आहेत. कोणते द्यावे हे त्या दिवशीच्या डॉक्टरवर सोडावे. रुग्णाजवळ त्याचा चष्मा, कानाचे यंत्र आणि घरचे एक माणूस असले की भ्रम लवकर ओसरतो, हे मात्र आपल्या हातचे आहे.

तेव्हा रात्री नऊचा तो प्रश्न: देऊ द्यावे का? द्यावे. घाबरलेल्या माणसाच्या घशात नळी घालणे ही त्यास शिक्षाच आहे, आणि भीतीने चढलेला रक्तदाब हाही धोकाच असतो. पण होकार देण्यापूर्वी एक प्रश्न सभ्यपणे विचारावा: "तपासणी करणाऱ्या डॉक्टरांखेरीज श्वासाकडे पाहायला कोण असेल?" त्याचे उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने मिळाले तर निर्धास्त असावे. "हम सब हैं ना" असे मिळाले तर पुन्हा विचारावे. आम्ही स्वतः त्या दिवशी दाराशी होतो, म्हणून हे सांगण्याचा आम्हांला अधिकार आहे असे आम्ही समजतो.

सांगलीच्या त्या बाईंचे काय झाले, असे मघापासून पुढच्या रांगेतील दोघी-तिघींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. त्या पुरत्या बऱ्या झाल्या. त्या दिवशी उठल्यावर त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हते. मुलाला आम्ही घडले ते सर्व सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने नुसता हात धरला. बाई मात्र आमचे मराठी ऐकून खूश झाल्या. "तुमचं गाव कोणतं?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा तितक्याच कौतुकाने विचारले, "तुमचं गाव कोणतं हो?" आम्ही पुन्हा सांगितले. गाडीत बसताना त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, आणि आम्ही तिसऱ्यांदा सांगितले.